मास्तरांची पदवी

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शिक्षकांच्या शिबिरात मी बोलायला गेले होते. विषय होता 'आम्ले आणि आम्लारी'. व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरचे एक सर उठले आणि म्हणाले, "मॅडम, ऑक्सिजन म्हणजे 'आम्ल निर्माण करणारा' असं आम्ही मुलांना सांगतो. पण हायड्रोक्लोरिक आम्लात तर ऑक्सिजन नाहीच. मग हे चुकीचं नाव दिलं कोणी? आणि चूक कळल्यावर बदललं का नाही? वर्गात पोरं विचारतात."

मी म्हणाले, "नाव रूढ झालं होतं, म्हणून राहिलं." सरांनी मान हलवली आणि ते खाली बसले. त्यांचे समाधान झालेले नाही, हे मला दिसत होते. परतीच्या एस.टी.त माझेही समाधान होईना. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आहे. एका विशिष्ट उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर काय घडते यावर मी तासभर बोलू शकते. पण सरांच्या प्रश्नाचा एक धागा रसायनशास्त्रात होता, दुसरा ग्रीक भाषेत, तिसरा फ्रान्सच्या इतिहासात आणि चौथा शास्त्रज्ञ आपापसांत नावे कशी ठरवतात यात. यांपैकी फक्त पहिला धागा माझ्या हाती होता.

हा अनुभव प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचा असेल. मुलांचे प्रश्न विषयांच्या कुंपणात राहत नाहीत. मग शिक्षकाने पदवीनंतर पुढे शिकायचे ठरवले, तर त्याने काय शिकावे? आपल्याच विषयात आणखी खोल जावे, की शेजारच्या विषयांत शिरावे? हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत सत्तरएक वर्षांपूर्वी एका लहानशा गावात त्याला एक उत्तर दिले गेले. त्या उत्तराची ही गोष्ट.

सात विद्या

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडे शिक्षकाला 'मास्तर' म्हणतात आणि बांधकाम करणाऱ्या कारागिराला 'मेस्त्री'. पहिला शब्द इंग्रजीतून आला, दुसरा पोर्तुगीजातून. पण दोघांचे मूळ एकच, लॅटिनमधला 'मागिस्तेर'. मध्ययुगीन युरोपात बाराव्या-तेराव्या शतकांत विद्यापीठे उभी राहिली, तेव्हा 'मास्टर ऑफ आर्ट्स' ही पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना होता. एम.ए. झालेला माणूस म्हणजे ज्याला आता इतरांना शिकवता येईल असा माणूस. म्हणजे एम.ए. ही मुळातच मास्तरांची पदवी!

या पदवीसाठी काय शिकावे लागे? सात विद्या. त्यांतल्या तीन भाषेच्या होत्या: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. उरलेल्या चार होत्या अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत. संगीत इथे का, असे वाटेल. पण तारेची लांबी आणि स्वर यांतले प्रमाण म्हणजे त्या काळी गणिताचाच भाग होता. या सातांना मिळून 'मुक्त विद्या' म्हणत. आज 'लिबरल आर्ट्स' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साहित्य आणि इतिहास येतात. प्रत्यक्षात सातांपैकी चार विषय गणिताचे किंवा विज्ञानाच्या अंगाचे होते.

'लिबरल' या शब्दाचेही नीट पाहिले पाहिजे. मराठीत आपण त्याचे भाषांतर 'उदारमतवादी' असे करतो, पण ते राजकारणातले. शिक्षणातल्या 'लिबरल'चे मूळ लॅटिन 'लिबेर' म्हणजे 'स्वतंत्र'. जो गुलाम नाही अशा माणसाला शोभणारी विद्या, ती मुक्त विद्या. हाताने काम करणाऱ्याची विद्या वेगळी, खालची. मास्तर आणि मेस्त्री यांची फारकत तिथलीच. या कल्पनेच्या पोटात असलेला हा भेदभाव आपण विसरता कामा नये. पुढच्या सगळ्या इतिहासात एक प्रश्न वारंवार येतो: ही विद्या मूठभरांसाठी, की सर्वांसाठी?

दोन रसायनशास्त्रज्ञ

एकोणिसाव्या शतकात ज्ञान फार वेगाने वाढले. सगळ्यांनी सगळे शिकणे अशक्य झाले. जर्मन विद्यापीठांत एका विषयात खोल जाऊन संशोधन करण्याची पद्धत रुजली, आणि १८७६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ त्याच धर्तीवर निघाले. हार्वर्ड विद्यापीठात १८६९ साली चार्ल्स एलियट अध्यक्ष झाले. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ठरावीक विषय सर्वांवर लादण्याची जुनी चौकट त्यांनी हळूहळू मोडली आणि विद्यार्थ्यांना हवे ते विषय निवडायची मोकळीक दिली. विज्ञानाला विद्यापीठात मानाची जागा मिळाली ती या मोकळिकीमुळेच. पण दुसरी बाजूही होती. शेजारीशेजारी बसणाऱ्या दोन पदवीधरांनी एकही समान विषय शिकलेला नाही, असे होऊ लागले.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. आपली एम.ए. ही मास्तराच्या परवान्याऐवजी एकेका विषयातली परीक्षा म्हणून रूढ झाली.

या विभागणीबद्दलची अस्वस्थता पहिल्या महायुद्धानंतर वाढली. १९१९ साली कोलंबिया विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी समकालीन संस्कृतीवरचा एक समान अभ्यासक्रम सुरू केला. १९३७ साली अ‍ॅनापोलिस या गावातल्या सेंट जॉन्स कॉलेजने त्याहून धाडसी पाऊल उचलले. तिथे पाठ्यपुस्तके बाजूला ठेवून मूळ ग्रंथच वाचायचे ठरले. भूमिती शिकायची तर युक्लिडचा ग्रंथ घेऊन. विद्यार्थ्याने फळ्यापाशी उभे राहून सिद्धता मांडायची आणि इतरांनी शंका काढायच्या. रसायनशास्त्राची सुरुवात लाव्हाझिएच्या लेखनापासून.

१९३३ साली हार्वर्डला पुन्हा एक रसायनशास्त्रज्ञ अध्यक्ष लाभला: जेम्स ब्रायंट कॉनंट. हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिन यांवर त्यांचे संशोधन होते. शालेय शिक्षकांच्या प्रश्नात त्यांनी मनापासून लक्ष घातले. १९३६ साली त्यांनी अध्यापनातील एम.ए. सुरू केली, त्यात विषयाचे प्राध्यापक आणि शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक या दोघांची जबाबदारी होती. १९४३ साली त्यांनी नेमलेल्या समितीने सामान्य शिक्षणावरचा अहवाल १९४५ साली दिला. लाल मुखपृष्ठामुळे तो 'लाल पुस्तक' म्हणून प्रसिद्ध झाला. नागरिक म्हणून जगायला लागणारे समान ज्ञान सर्वांना हवे, आणि ते शाळेपासून हवे, असा त्याचा आग्रह होता.

१९४५ हे साल लक्षात घ्या. युद्धकाळात कॉनंट अमेरिकेच्या संरक्षण संशोधनाच्या प्रमुखांपैकी एक होते. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली, तेव्हा ते तिथे हजर होते. विज्ञान यापुढे प्रत्येकाच्या जीवनमरणाचा विषय होणार, हे त्यांना दिसले. मग विज्ञान कसे चालते हे सामान्य माणसाला कळणार कसे? त्यांचे उत्तर असे की, त्याच्यापुढे आजच्या विज्ञानाचे निष्कर्ष ओतू नका. एखादा जुना, सोपा प्रसंग घ्या आणि शास्त्रज्ञ कसे चाचपडले, कुठे चुकले, हे त्याला दाखवा. १९४७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात हा विचार आहे. त्यातून हार्वर्डमध्ये प्रायोगिक विज्ञानातील प्रसंगांची मालिका तयार झाली. तिच्यातला एक प्रसंग स्वतः कॉनंट यांनी लिहिला: फ्लॉजिस्टन सिद्धान्ताचा पाडाव. म्हणजे ऑक्सिजनचीच गोष्ट!

या अभ्यासक्रमासाठी १९४७ साली टॉमस कून नावाच्या एका विद्यार्थ्याला यांत्रिकीच्या इतिहासावर प्रसंग तयार करायला सांगितले गेले. कून तेव्हा भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. त्यांनी अ‍ॅरिस्टॉटल वाचायला घेतला आणि ते गोंधळले. इतका बुद्धिमान माणूस गतीबद्दल इतके चुकीचे कसे लिहील? बऱ्याच विचारानंतर त्यांच्या लक्षात आले की, अ‍ॅरिस्टॉटलच्या 'गती'त सर्व प्रकारचे बदल येतात. बी वाढते, आजारी माणूस बरा होतो, हीसुद्धा गतीच. त्याचा प्रश्नच न्यूटनपेक्षा वेगळा होता. या एका उमजेतून कून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले, आणि १९६२ साली वैज्ञानिक क्रांत्यांची रचना उलगडणारे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्गात शिकवण्यासाठी आपल्या कुंपणाबाहेर जावे लागले, आणि त्यातून विज्ञानाकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळाली.

मिडलटाऊनमधला उन्हाळा

आता मूळ गोष्टीकडे येऊ. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात मिडलटाऊन हे गाव आहे. तिथे १८३१ साली स्थापन झालेले वेस्लियन विद्यापीठ आहे. १९४३ पासून व्हिक्टर बटरफील्ड त्याचे अध्यक्ष होते. विषयांच्या भिंती कमी करण्यावर त्यांचा भर होता. पुढे १९५९ साली त्यांच्याच काळात तिथे साहित्य आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी विषयांच्या सीमा ओलांडणारी दोन स्वतंत्र महाविद्यालये निघाली.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत जन्मदर एकदम वाढला. १९४६ नंतर जन्मलेली मुले पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेत येऊ लागली, आणि शिक्षकांची मागणी प्रचंड वाढली. पदव्युत्तर पदवी घेतलेल्या शिक्षकाला वरची वेतनश्रेणी देण्याची पद्धतही तोवर बहुतेक ठिकाणी होती. तेव्हा शिक्षक पुढे शिकायला निघणार, हे उघड होते. प्रश्न एवढाच होता की, ते शिकणार काय? पहिली वाट शिक्षणशास्त्राची: अध्यापनाच्या पद्धती, मूल्यमापन, शाळेचा कारभार. दुसरी वाट आपल्याच विषयातल्या एम.ए.ची, पण ती भावी संशोधकांसाठी आखलेली, आणि पूर्ण वेळ मागणारी.

वेस्लियनने १९५३ साली तिसरी वाट काढली. मुक्त विद्यांमधील एम.ए., आणि ती प्रामुख्याने शाळाशिक्षकांसाठी, उन्हाळी वर्गांतून. शिक्षकाने नोकरी सोडायची नाही. सुट्टीत यायचे आणि काही उन्हाळ्यांत मिळून पदवी पूर्ण करायची. साहित्य, कला, इतिहास, समाजशास्त्र, गणित, विज्ञान या सगळ्यांतून अभ्यासक्रम निवडता येत. इतिहासाच्या शिक्षकाने जीवशास्त्राच्या वर्गात बसावे, गणिताच्या शिक्षकाने नाटक वाचावे, अशी ती कल्पना. अमेरिकेतली या प्रकारची ही पहिली पदवी मानली जाते.

त्याच १९५३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननेही उन्हाळी वर्ग सुरू केले, पण त्यांची दिशा उलट होती. ते वर्ग एकेका विषयाचे, गणिताचे किंवा भौतिकशास्त्राचे होते. सुरुवातीला ते महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी होते, नंतर शाळाशिक्षकांसाठीही झाले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणासाठी मोठा निधी आला. कायद्याच्या नावातच 'संरक्षण' आहे! विज्ञानाचा शिक्षक म्हणजे देशाच्या सुरक्षिततेचा शिपाई, असे वातावरण होते. विषयातली खोली ही राष्ट्रीय गरज ठरली.

अशा वातावरणात नाटक वाचणारा गणितशिक्षक कोणाला हवा होता? तरीही ही वाट बंद झाली नाही. १९५९ साली इंग्लंडमध्ये सी. पी. स्नो यांनी 'दोन संस्कृतीं'वरचे आपले गाजलेले व्याख्यान दिले. स्नो भौतिकशास्त्र शिकलेले कादंबरीकार. साहित्यिकांना उष्मागतिकीचा दुसरा नियम माहीत नसतो आणि त्याची त्यांना लाजही वाटत नाही, ही त्यांची तक्रार बरीच वर्षे चर्चेत राहिली. १९६७ साली सेंट जॉन्स कॉलेजने न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथल्या आपल्या शाखेत शिक्षकांसाठी उन्हाळी संस्था काढली. तिथेही मूळ ग्रंथांच्या वाचनातून एम.ए. मिळू लागली. साहित्य, राजकारण व समाज, तत्त्वज्ञान, गणित व निसर्गविज्ञान असे वाचनाचे गट होते. १९७५ साली अशा अभ्यासक्रमांची एक संघटना स्थापन झाली. पुढे शिक्षकांच्या जोडीला डॉक्टर, वकील, निवृत्त लोकही या वर्गांत येऊ लागले.

एक ना धड?

या पदवीवर पहिल्यापासून एक आक्षेप आहे, आणि तो मराठीत फार नेमका मांडता येतो: एक ना धड, भाराभर चिंध्या. चार विषय थोडेथोडे चाखून पगारवाढ मिळवण्याची ही सोपी वाट आहे, अशी शंका संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांना वाटे. काही विद्यापीठांनी पुढे असे अभ्यासक्रम बंदही केले. ज्या पदवीचा एकही विभाग स्वतःचा नसतो, तिच्यासाठी भांडायलाही कोणी नसते.

मी स्वतः प्रयोगशाळेतली असल्याने मला हा आक्षेप हलका वाटत नाही. खोलीशिवाय विज्ञान नाही. ज्याने एकही मोजमाप स्वतः केलेले नाही, प्रयोग फसल्यावर रात्रभर कारण शोधलेले नाही, त्याने विज्ञानाच्या स्वरूपावर कितीही वाचले तरी काहीतरी हातातून निसटते. पण वरच्या गोष्टीत एक बारकावा आहे. वेस्लियनला येणारे शिक्षक कोरे नव्हते. त्यांच्याकडे एका विषयाची पदवी आणि वर्गाचा अनुभव होता. कूनकडे भौतिकशास्त्र होते, म्हणूनच अ‍ॅरिस्टॉटल वाचताना ते अडखळले. पाय रोवायला एक जागा असेल, तरच शेजारच्या विषयात हात पोचतो. ती नसेल, तर खरोखरच चिंध्या उरतात.

दुसरी गोष्ट अशी की, दोन विषय एकाच गुणपत्रिकेवर आले म्हणून ते जोडले जात नाहीत. जोडणारा प्रश्न लागतो. कॉनंट यांची 'प्रसंग' पद्धत टिकाऊ वाटते ती यामुळे. तिथे आधी प्रसंग असतो आणि विषय त्याच्या ओढीने येतात.

आपल्याकडे

भारतात हा विचार पोचला नव्हता असे नाही. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) सामान्य शिक्षणाची जोरदार शिफारस केली होती. काही विद्यापीठांत प्रयोगही झाले, पण परीक्षाप्रधान चौकटीत ते रुजले नाहीत. १९६३ पासून भारतात विज्ञानशिक्षकांच्या उन्हाळी संस्था सुरू झाल्या त्या अमेरिकी सहकार्याने, पण विषयनिष्ठ नमुन्यावर. मिडलटाऊनचा नमुना आला नाही, स्पुटनिकनंतरचा आला.

शिक्षकांना नोकरी सांभाळून, अनेक विषयांच्या आधारे आपल्या कामाचा विचार करता यावा, असा एक प्रयत्न मुंबईत झाला. २००६ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने प्राथमिक शिक्षणातली एम.ए. सुरू केली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, एकलव्य, दिगंतर, विद्या भवन सोसायटी या संस्थांचा त्यात सहभाग होता. काही काळ मुंबईत वर्ग, उरलेला काळ आपल्या कामाच्या जागी अभ्यास, अशी रचना होती. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, बालविकास आणि विज्ञान-गणिताचे अध्यापन यांचा एकत्र विचार तिथे होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 'बहुविद्याशाखीय' हा शब्द जागोजागी आहे. पण विषयांची यादी लांबवणे म्हणजे बहुविद्याशाखीय होणे नव्हे, हे शिक्षकांइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

सरांच्या प्रश्नाचे उत्तर

त्या शिबिरातल्या सरांना आज मी काय सांगेन? १७७४ साली प्रीस्टलीने पाऱ्याचे लाल भस्म तापवून एक वायू मिळवला. पॅरिसमध्ये लाव्हाझिएने त्यावर काम केले. गंधक, फॉस्फरस आणि कार्बन जाळून मिळणारे पदार्थ पाण्यात आम्ल देतात, हे त्याला दिसले. त्यावरून सर्व आम्लांत हा वायू असतोच, असे त्याने मानले आणि ग्रीक शब्द जोडून नाव दिले. १७८७ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रसायनांच्या नामकरणाची नवी पद्धत मांडली. १७८९ साली त्याचे पाठ्यपुस्तक आले, आणि त्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. लाव्हाझिए राजासाठी कर गोळा करणाऱ्या मंडळींपैकी होता. ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. १८१० साली हंफ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, त्यात ऑक्सिजन नाही, हे दाखवले. तोवर नवी नावे पाठ्यपुस्तकांत आणि प्रयोगशाळांत पसरली होती. त्या नावांमुळे रसायनशास्त्राला एक व्यवस्था आली होती. एक नाव बदलायचे तर सगळी वीणच उसवावी लागली असती.

जर्मन भाषेने त्या वायूला 'आंबट द्रव्य' म्हटले, बंगालीने 'अम्लजान'. म्हणजे लाव्हाझिएची चूक त्यांनी भाषांतरासकट घेतली. मराठीने 'प्राणवायू' म्हटले. आम्लाचा विचार सोडून श्वासाचा धरला आणि चुकीतून सुटका करून घेतली. एवढे सांगितले की मुले आपल्या भाषेकडेही नव्याने पाहतील.

हे शोधायला मला तीन-चार पुस्तके आणि काही रविवार लागले. पदवी लागली नाही. पण एखाद्या शाळेतले रसायन, इतिहास आणि भाषा शिकवणारे तीन शिक्षक महिन्यातून एकदा असा एकच प्रश्न घेऊन बसले, तर मिडलटाऊनच्या उन्हाळी वर्गाची सुरुवात तिथेच झाली म्हणायची. प्रश्नांचा तुटवडा पडणार नाही. ते मागच्या बाकावर तयार असतात.

त्या सरांचा पत्ता मी घेतला नव्हता. हा अंक त्यांच्या शाळेत येत असेल, अशी आशा आहे.